फोर्टमध्ये 'फोर्ट' आहे तरी कुठे? चर्चगेट ते सीएसएमटी, एका दिवसाची निवांत पायी फेरी

बोरिवली किंवा मुलुंडमध्ये कुणी 'आज टाऊनला गेलो होतो' म्हटलं, की तो फोर्टच्या बाजूला गेला असणार हे समजून घ्यायचं. राज्याच्या राजधानीचा हा जुना भाग. उपनगरांतून रोज लाखो माणसं इथे उतरतात, ऑफिस गाठतात आणि संध्याकाळी परतीची फास्ट पकडतात. पण फोर्टमधला किल्ला नेमका कुठे आहे, असं विचारलं तर पटकन उत्तर येत नाही.

किल्ला होता. जुन्या मराठीत या भागाला 'कोट'च म्हणायचे. तटबंदीला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात हा तट पाडला गेला. शहराला जागा पुरत नव्हती आणि कापसाच्या व्यापारातून पैसा वाहत होता. आता उरल्यात त्या खुणा. त्या शोधत चाललं की चार-पाच किलोमीटरमध्ये एक दिवस मस्त जातो.

सुरुवात चर्चगेट स्टेशनवरून. गंमत म्हणजे चर्चगेट इथे नव्हतंच, ते पुढे येईल. आधी ओव्हल मैदान. ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदानं क्रिकेटसाठी राखलेली नव्हती. शत्रू आला तर तोफांचा मारा करता यावा, म्हणून किल्ल्याबाहेरची ही जमीन मोकळी ठेवली होती. तट पडल्यावर पूर्वेच्या कडेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर उभे राहिले. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा बराच जवळ होता. नंतर भराव पडला आणि विसाव्या शतकात पश्चिमेला आर्ट डेको इमारती आल्या. या दोन्ही रांगांना मिळून २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. राजाबाई टॉवर १८७८चा. कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव मनोऱ्याला लागलं.

तिथून काळा घोडा. इथल्या के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाकाठचा रस्ता. पाच मिनिटं पुढे रीगलच्या चौकात महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. मूळची ही खलाशांसाठी बांधलेली इमारत. पण १९२८ ते १९८२ या काळात इथे विधिमंडळ भरायचं. फोटो काढून लगेच निघू नका, कारण पुढचा टप्पा याच इमारतीशी जोडलेला आहे.

आता मागे वळून महात्मा गांधी रोडने सरळ हुतात्मा चौक. चर्च गेट उभं होतं ते इथे. दरवाजा गेल्यावर १८६४मध्ये त्या जागी फ्लोरा फाउंटन बसवलं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी करण्याच्या प्रस्तावाविरोधात विधिमंडळाकडे निघालेला मोर्चा पोलिसांनी इथेच अडवला. गोळीबार झाला, १५ जणांचा जीव गेला. आंदोलन थांबलं नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राजधानी असलेलं महाराष्ट्र राज्य झालं, तोवर हुतात्म्यांचा आकडा शंभराच्या वर गेला होता. १०६ हुतात्मे म्हणतात ते हेच. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार, हे त्यांचं स्मारक. मोर्चाला जे अंतर कापता आलं नाही, ते आरामात चालत दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

आणि तेव्हा बोरिवली-मुलुंड मुंबई महापालिकेत होते का? नाही. अंधेरी आणि घाटकोपर १९५०मध्ये हद्दीत आले होते, बोरिवली-मुलुंडची पाळी १९५७मध्ये आली.

चौकातून वीर नरिमन रोडने पूर्वेला गेलं की सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं. १७१८चं हे चर्च, चर्चगेटला नाव मिळालं ते याच्यामुळे. शहरातले जुने मैलाचे दगडही अंतर इथपासून मोजायचे. पुढे हॉर्निमन सर्कल, आणि समोर १८३३चा टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक. पाय दुखत असतील तर पायऱ्यांवर बसा, सगळेच बसतात.

तिथून उत्तरेला पेरीन नरिमन स्ट्रीट, जुनं नाव बझार गेट स्ट्रीट. तो पकडला की सीएसएमटी. स्टेशनची भव्य इमारत सगळे पाहतातच. पण १८ नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूने पी. डिमेलो रोडवर या. सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ जुन्या फोर्ट जॉर्जच्या दगडी भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. सकाळपासून शोधत होतो तो किल्ला, एवढाच शिल्लक.

रविवारी गर्दी कमी असते, पण फोर्टमधली बरीच हॉटेलं ऑफिसच्या गिऱ्हाइकांवर चालतात, त्यामुळे ती बंद सापडू शकतात. मध्य आणि हार्बरचा मेगाब्लॉकही आधी बघून घ्या. अंधेरीकरांना सीएसएमटीहून हार्बरची गाडी थेट मिळते, बोरिवलीकरांनी दादरला बदलावी. घाटकोपर-मुलुंडवाल्यांनी हीच फेरी उलटी करावी आणि चर्चगेटहून दादरमार्गे घरी जावं.