किंगस्नेक घरात कसा आला

लॉरेन्स क्लॉबर हा मुळात विजेचा माणूस. स्टॅनफर्डहून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन १९११ मध्ये तो सॅन डिएगोच्या गॅस आणि वीज कंपनीत लागला तो विजेच्या पाट्या विकायला, आणि पुढे त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला. माझीही नोकरी याच शहरात सबस्टेशनांच्या कामात गेली, त्यामुळे क्लॉबरशी माझी भावकी आहे असं मी उगाच धरून चालतो. वीजवाल्याच्या हातून सापांचं एवढं मोठं काम व्हावं याचं अनेकांना नवल वाटतं, मला वाटत नाही. आमच्या धंद्यात मोजायची आणि मोजलेलं लिहून ठेवायची सवय अंगात भिनते. क्लॉबरने सापांच्या बाबतीत तेवढंच केलं, फक्त जन्मभर केलं.

सॅन डिएगोचं प्राणिसंग्रहालय १९१६ साली सुरू झालं. तिथे येणारे साप ओळखायला कोणीतरी हवं होतं आणि चाळिशीला टेकलेल्या क्लॉबरला त्यातलं थोडंफार कळतं अशी बोलवा होती. तो गेला आणि त्यात अडकला तो कायमचाच. दिवसभर ऑफिस, आणि उन्हाळ्याच्या रात्री गाडी घेऊन वाळवंटातल्या रस्त्यांवर. दिवसभर तापलेलं डांबर रात्री ऊब धरून असतं, साप त्यावर येतात आणि हेडलाइटच्या उजेडात दिसतात. किती मैल गाडी चालवली, तापमान काय होतं, कोणता साप दिसला, सगळ्याची वहीत नोंद. सॅन डिएगोच्या निसर्ग संग्रहालयाला त्याने दिलेल्या नमुन्यांची संख्या सुमारे ३६,००० आहे. त्याचं नाव झालं ते रॅटलस्नेकवरच्या १९५६ च्या दोन खंडी ग्रंथामुळे. माझ्या मते मात्र त्याचं सगळ्यात देखणं काम कॅलिफोर्नियाच्या किंगस्नेकवर आहे.

किंगस्नेक बिनविषारी. आपल्याकडच्या नागराजाशी त्याचं नातं नाही. सरासरी तीन-चार फुटांचा, काळ्या किंवा चॉकलेटी अंगावर पांढरी-पिवळट कडी असलेला. आमच्याकडच्या सापाचा फोटो मी पहिल्यांदा गावी पाठवला तेव्हा काकांचा लगेच फोन आला. "आरं, मन्यार हाय की ही! पोरीच्या हातात कशापायी दिलीस?" काकांची भीती अगदीच वेडगळ नव्हती. काळ्या अंगावर पांढरे पट्टे म्हटलं की आमच्या शिराळ्याकडच्या माणसाला दुसरं काय आठवणार? आणि दुसरे साप खायची खोड मण्यारीला आहे तशी किंगस्नेकलाही आहे.

याच खोडीमुळे अमेरिकेत त्याला माणसाजवळ जागा मिळाली. रॅटलस्नेकचं विष त्याला फारसं बाधत नाही. विळखा घालून तो रॅटलस्नेक मारतो आणि डोक्याकडून गिळतो. कोठारातले उंदीरही खातो. दिसेल तो साप ठेचणारे शेतकरीसुद्धा किंगस्नेक दिसला की कुदळ खाली ठेवत. ही झाली पहिली पायरी: पाळणं नाही, नुसतं जगू देणं.

शास्त्रज्ञांच्या दप्तरी तो आला तो मजेशीर वाटेने. पावलो एमिल्यो बोट्टा नावाचा इटालियन वंशाचा डॉक्टर १८२० च्या दशकात फ्रेंच व्यापारी जहाजावरून कॅलिफोर्नियाला आला होता. पुढे इराकमध्ये खोर्साबाद उकरून अश्शूरी राजवाडा बाहेर काढणारा बोट्टा तो हाच. त्याने नेलेल्या नमुन्यांवरून ब्लॅन्व्हिल या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये एका सापाचं वर्णन छापलं. या सापाच्या अंगावर कडी नव्हती, पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत एक उभी रेघ होती. १८५३ मध्ये बेअर्ड आणि जिरार या अमेरिकी जोडीने कड्यांच्या सापाला वेगळं नाव दिलं. झाल्या दोन जाती. दिसायलाच इतक्या वेगळ्या, की शंका घ्यायचं कोणाला कारण नव्हतं. आणि मेलेले नमुने बरणीत ठेवून ती शंका मिटलीही नसती.

सॅन डिएगो परिसरात मात्र दोन्ही साप एकाच टेकडीवर सापडत. क्लॉबरने पकडलेल्या माद्यांची अंडी उबवू दिली आणि एकाच मादीच्या एकाच खेपेच्या अंड्यांतून कड्यांची पिल्लंही निघाली आणि रेघेचीही. १९३६ मध्ये त्याने हे छापलं, नंतर आणखी माद्या आणि त्यांच्या पिल्लांचे हिशेब जमवून १९३९ आणि १९४४ मध्ये पुन्हा लिहिलं. ऐंशीहून जास्त वर्षं दोन मानलेले साप एकच निघाले. किंगस्नेक पाळण्याचा खरा इतिहास मी इथून धरतो. काचेमागे ठेवून लोकांना दाखवणं त्याआधीही होतंच. पण सापाला पोसायचं, त्याची अंडी सांभाळायची आणि त्यातून काय निघतं ते वहीत लिहायचं, ही रीत अशा कामातून रुळली. पुढे जे रंगीबेरंगी किंगस्नेक बाजारात आले त्यांच्या मुळाशी हाच हिशेब आहे, हे विकणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नसेल.

मधला काळ फारसा अभिमानाचा नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयातल्या कार्ल कॉफेल्डचं साप शोधण्याच्या भटकंतीवरचं पुस्तक १९५७ मध्ये आलं आणि हौशी पोरांनी त्यात लिहिलेल्या जागा पालथ्या घातल्या. रानातून साप आणायचा, टाकीत ठेवायचा, तो खात नाही म्हणून हळहळायचं, मेला की दुसरा आणायचा. अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे, पोटात जंत, आणि खोक्याच्या कोपऱ्यावर नाक घासून घासून झालेली जखम.

१९७० च्या दशकात प्राणिसंग्रहालयांतले लोक आणि घरगुती हौशी यांना एक साधी गोष्ट उमगली. या सापांना हिवाळा लागतो. दोन-तीन महिने उपाशी, अंधारात, १० ते १३ अंश सेल्सिअसला ठेवले की वसंतात नर-मादी जुळतात. मादी साधारण पाच ते बारा अंडी घालते. व्हर्मिक्युलाइट या खनिजाच्या ओलसर भुग्यात २८ अंशांच्या आसपास ठेवली तर दोनेक महिन्यांत पिल्लू आतून कवच चिरून नाक बाहेर काढतं आणि तसंच दिवसभर बसून राहतं. बूट ठेवायचे प्लॅस्टिकचे डबे, मागच्या बाजूला उष्णतेची पट्टी आणि एक थर्मोस्टॅट, एवढ्या सामग्रीवर गॅरेजमध्ये धंदा उभा राहिला. पांढऱ्याफटक, लाल डोळ्यांच्या पिल्लांना गिऱ्हाईक मिळालं. रेघेचे, कड्यांचे, दोन्हींची सरमिसळ झालेले, सगळे मागणीप्रमाणे तयार होऊ लागले.

कॅलिफोर्नियाचा कायदा इथे थोडा गमतीदार आहे. रानातला किंगस्नेक ठरावीक संख्येत पकडायला परवानगी आहे, पण त्यासाठी लायसन्स लागतं ते मासेमारीचं. पकडलेला मात्र विकता येत नाही. राज्यातल्या मूळच्या सापांपैकी मोजक्याच जातींची बंदिस्त पैदास परवाना काढून विकता येते, त्यात किंगस्नेक बसतो. म्हणून शिकाऊ माणसाने घरी वाढलेलंच पिल्लू घ्यावं असं सगळे सांगतात. नियमाचा भाग सोडला तरी ते खरं आहे. रानातल्या सापाला माणूस म्हणजे ससाणाच वाटतो.

लेकीसाठी पिल्लू आणलं ते पेन्सिलीएवढं जाड आणि वीतभरापेक्षा थोडं लांब. हातात घेताच त्याने शेपटी थरथरवली, मग मनगटावर घाण वास सोडला, मग चावलं. रक्त सुईच्या टोकाएवढं. त्यानंतर आठवडाभर आमचं लक्ष फक्त दोन गोष्टींवर: एका बाजूला ३० अंश, दुसऱ्या बाजूला २३, आणि झाकणाच्या खिट्ट्या. किंगस्नेक डोक्याने प्रत्येक फट ढोसून पाहतो. डोकं गेलं की बाकीचा साप गेलाच म्हणून समजा.

पिल्लाने उंदराचं गुलाबी बाळ तोंडात घ्यायला नकार दिला. हेही जुनंच दुखणं. रानात ही पिल्लं बऱ्याचदा सरडे-पाली खातात, उंदराचा वास त्यांना जेवणाचा वाटत नाही. जुन्या हौशींचा तोडगा असा, की उंदराचं बाळ सरड्याच्या अंगावर घासायचं. अंगणातला एक सरडा घटकाभर पकडला, त्याच्या पाठीवर बाळ फिरवलं, सरडा सोडून दिला. चिमट्यात धरून पुढे केलं तेव्हा जीभ दोनदा लवलवली आणि डोकं सटकन पुढे आलं. उंदीर फ्रीजरमधून काढून कोमट पाण्यात सोडलेला, मेलेलाच, तरी पिल्लाने त्याला तीन वेढे घातले आणि आवळत राहिलं. मग वेढे न सोडता नाकाने चाचपून तोंडाकडची बाजू शोधली. गिळून झाल्यावर जबडे जागेवर बसवायला मोठी जांभई. फ्रीजरच्या बाबतीत बायकोची अट एकच होती: कोथिंबीर वड्यांच्या खणात उंदीर दिसता कामा नये. अट आजतागायत पाळली आहे.

त्या आवळण्याची ताकद मोजणारेही निघाले. पेनिंग आणि मून या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की किंगस्नेकच्या विळख्याचा दाब त्याच आकाराच्या, त्याचं भक्ष्य होणाऱ्या रॅटस्नेकपेक्षा (रॅटलस्नेक नव्हे) कितीतरी जास्त असतो. स्नायू काही जास्त नसतात, वेढे नीट आणि एकसारखे बसतात. किंगस्नेक आपल्याहून लांब साप गिळू शकतो. गिळलेला साप पोटात लाटांसारखा दुमडून बसतो. म्हणून दोन किंगस्नेक एका खोक्यात ठेवायचे नाहीत. सकाळी एकच दिसतो, जरा जाडसर.

शिराळ्यात नागपंचमीच्या आधी नाग पकडायचे, मडक्यात ठेवून तोंडाला फडकं बांधायचं, मिरवणूक काढायची आणि सण झाला की रानात नेऊन सोडायचे, ही रीत माझ्या लहानपणी बिनदिक्कत चालू होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी जिवंत नागाची पूजा थांबली. नागांचे त्यात हालच होत, त्यामुळे बंदी योग्यच. पण त्या रिवाजात एक गोष्ट पक्की होती: साप परत जायचा. माझ्या आईला अजून पटत नाही, की मी पाळलेला साप कधीच सोडणार नाही. "अरे, दूध-लाह्या दाखव आणि जाऊ दे बिचाऱ्याला," असं ती दर श्रावणात म्हणते. कॅलिफोर्नियात तसं सोडणं बेकायदा आहे. डब्यातले आजार रानात जातात, हे त्याचं कारण.

याहून मोठं कारण अटलांटिक महासागरात आहे. स्पेनच्या ग्रान कॅनेरिया बेटावर मूळचा साप एकही नाही. १९९८ मध्ये तेल्दे गावाच्या बाजूला कॅलिफोर्नियाचे किंगस्नेक दिसले. २००७ पर्यंत ते तिथे वाढत असल्याची खात्री झाली. त्यांत पांढरेफटक आणि उभ्या रेघेचे साप बरेच होते. रानात पांढराफटक साप फार दिवस टिकत नाही, तेव्हा हे कोणाच्या तरी खोक्यातून आले हे सांगायला पंडित नको. पळालेले असोत की कंटाळून सोडलेले, बेटाला दोन्ही सारखंच. २०११ ते २०१५ युरोपीय संघाच्या पैशाने त्यांना संपवण्याची मोहीम चालली. कुत्रे, शिकारी पक्षी, सापळे, सगळं वापरून पाहिलं. हजारो साप पकडले, तरी ते पसरत राहिले, कारण त्यांचा बराच काळ जमिनीखाली जातो. २०२१ मध्ये छापलेल्या अभ्यासाप्रमाणे साप पोहोचलेल्या भागांत त्या बेटाखेरीज कुठेही नैसर्गिकरीत्या न आढळणारा मोठा सरडा ९९ टक्क्यांहून जास्त घटला. तिथलाच एक चकचकीत अंगाचा सरडा ८० टक्क्यांहून जास्त आणि एक पाल निम्म्याहून जास्त कमी झाली. ज्या सरड्याच्या वासाने आमच्या पिल्लाचं तोंड उघडलं, त्याच भुकेचा हा हिशेब.

सोपा, सोशिक, शिकाऊ माणसाला उत्तम असा साप म्हणून किंगस्नेकची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. तो १५-२० वर्षं जगतो, काही त्याहून जास्त. म्हणजे दहावीतल्या मुलीने आणलेला साप तिच्या लग्नानंतरही आईबापांच्या गळ्यात असतो. जिथे हे कायद्यात बसतं अशा देशात राहणाऱ्या वाचकांपैकी कोणी घेणार असेल, तर विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: पिल्लू कोणत्या जोडीचं, अंड्यातून कधी निघालं आणि शेवटचं कधी, काय खाल्लं. लिहून ठेवलेलं नसेल तर दुसरीकडे जा. झाकणाला दोन्ही बाजूंनी खिट्ट्या लावा. नकोसा झाला तर विकणाऱ्याकडे किंवा सरीसृप सांभाळणाऱ्या संस्थेकडे द्या. अंगणात, बागेत, टेकडीवर कुठेही सोडू नका.