खेळयंत्रांचा जीर्णोद्धार

१९७२ सालची गोष्ट. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल या गावी एका मद्यगृहात अटारी कंपनीने ‘पाँग’ या खेळाचे नमुना-यंत्र बसविले. थोड्याच दिवसांत ते बिघडल्याचा निरोप आला. यंत्राचा कर्ता ॲलन अल्कॉर्न स्वतः पाहावयास गेला, तो नाण्यांचा डबा काठोकाठ भरून पुढचे नाणे अडले होते! डबा रिकामा करताच यंत्र पूर्ववत चालू झाले. आर्केड यंत्रांच्या इतिहासातील ही आरंभीची दुरुस्ती इतकी सोपी होती. पुढे ती सोपी का राहिली नाही, हेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

ही यंत्रे दीर्घायुषी व्हावीत असा कोणाचाच हेतू नव्हता. खेळ जुना झाला की त्याच पेटीत दुसरा बसवीत. सुटे भाग जपून ठेवण्याची मग गरज ती काय? म्हणून आज कोणा हौशी गृहस्थापाशी १९८० सालचे ‘पॅक-मॅन’ असेल, तर प्लॅस्टिकच्या एका तुकड्यासाठीही त्याचे घोडे अडते.

असा तुकडा नव्याने करावयाचा, तर झिजलेल्या भागाचे माप घेऊन चालत नाही. नक्कल झिजेचीच होते. शिवाय ओतलेले प्लॅस्टिक निवताना आकसते. साचा किंचित मोठा ठेवावा लागतो. नकलेवरून नक्कल काढीत गेले, तर प्रत्येक पिढी मागच्याहून लहान निपजते. दर्शनी पट्टीवरील चित्राचेही तसेच. खेळणाऱ्याचा हात जेथे टेकला, नेमका तेथेच रंग उडालेला! मग अनेक पट्ट्यांतील शाबूत भाग जुळवून मूळ रेखाटन सिद्ध करावे लागते. भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ताडून पाठ निश्चित केला गेला. त्याच जातीचे हे काम आहे.

पण काही भाग हातकामाच्या आटोक्याबाहेरचे. काचेच्या चित्रनळीस मोठा कारखानाच हवा. आपल्या व्हिडिओकॉनने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसनकडून चित्रनळ्यांचा व्यवसाय घेतला, तेव्हा सपाट पडद्यांमुळे या धंद्याला ओहोटी लागलीच होती. पुढे मोठे कारखाने एकामागून एक बंद पडले. पॅक-मॅनचा मेंदू म्हणजे १९७६ साली बाजारात आलेली झेड-८० ही चिप. तिचे उत्पादन थांबविण्याची घोषणा झायलॉगने २०२४ साली केली.

कॅपकॉमच्या १९९३ सालच्या सीपीएस-२ यंत्रणेत तर खेळाची गुप्त किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत ठेवलेली होती. बंदोबस्त चोरट्या नकलांविरुद्ध. पण बॅटरी संपताच अस्सल यंत्रच मुके होई. चोरासाठी लावलेल्या कुलपाने घरधनीच बाहेर राहिला! किल्ली पुन्हा घालण्याची रीत २०१६ साली हौशी अभ्यासकांनी शोधून काढली.

मग नवे भाग घातलेले यंत्र अस्सल म्हणावे काय? आमच्या मते, बंद पडलेल्या अस्सल यंत्रापेक्षा चालते यंत्र इतिहास अधिक सांगते. मात्र त्याने खोटे सांगू नये. नवा भाग जुना म्हणून खपविला, तर ग्राहक आज फसेल आणि अभ्यासक उद्या. म्हणून प्रत्येक नव्या भागाच्या आतल्या अंगास त्याचे साल कोरावे. जीर्णोद्धार करणाऱ्याने आपला लेख वेगळा लिहावा, मूळ कर्त्याचा पुसू नये. आणि काढलेला मोडका तुकडाही टाकू नये. कारण उद्याच्या कारागिराला ताडून पाहावयास कदाचित तेवढाच उरेल.