याला कोणी बोलावले? दवंडीपासून मोबाइलच्या जाहिरातीपर्यंत

१/१५
गेल्या रामनवमीच्या यात्रेत आम्ही पोहरादेवीला (ता. मानोरा, जि. वाशीम) मुक्कामी होतो. सायंकाळी आजी फोनवर सेवालाल महाराजांचे भजन ऐकत बसली होती. कडवे अर्ध्यावर आले असताना भजन थांबले आणि एक अनोळखी आवाज दुप्पट जोराने "त्वरित कर्ज" घ्यायला सांगू लागला. आजी दचकली. फोन दूर धरून तिने मला विचारले, "हा कोण? याला कोणी बोलावले?"

२/१५
मी तिला फुलीच्या खुणेवर बोट ठेवायला सांगितले. ती खूण तिळाएवढी होती. बोट बाजूला पडले आणि कर्जाचे पानच उघडले. "फोन माझा, रिचार्जचे पैसे माझे, मग हा मध्येच कसा बोलतो?" आजीचा हा प्रश्न मनात राहिला. जाहिरातीचा इतिहास आपण बहुधा विकणाऱ्याच्या बाजूने वाचतो. आज तो ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहू.

३/१५
सुरुवात दवंडीपासून करू. गावात डफडे वाजे, लोक दाराशी येत, मग लिलाव, सारा किंवा हरवलेल्या जनावराची वार्ता सांगितली जाई. दवंडीही न मागता कानावर पडे. परंतु ती साऱ्या गावासाठी एकच असे, सांगणारा ओळखीचा असे, आणि तो कोणाच्या वतीने बोलतो हे सर्वांना ठाऊक असे. सांगून झाले की तो पुढच्या आळीला निघून जाई.

४/१५
व्यापाराचेही तसेच. पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी मानली जाते आणि या समाजाचा जुना व्यवसाय मालवाहतुकीचा. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. तांडा आला की बाजारच गावाच्या वेशीशी येई. घ्यायचे त्याने तिथे जावे, नको त्याने घरी राहावे.

५/१५
मग छापील जाहिरात आली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले आणि मराठी वृत्तपत्रांचे युग सुरू झाले. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वृत्तपत्रांचे पहिले पान तर बहुधा जाहिरातींनीच भरलेले असे. तरीही वाचकाची अडचण होत नसे, कारण नजर वळवून पान उलटणे त्याच्या हाती होते. छापील जाहिरात वाचकाची वाट अडवू शकत नव्हती.

६/१५
म्हणजे लोकांना जाहिरातीचाच तिटकारा होता काय? येथे एक मराठी मंत्री आठवतात. बा. वि. केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते थेट रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे 'बिनाका गीतमाला' चालवीत होती एक टूथपेस्ट. आवडीच्या गाण्यांसाठी देशभरातील श्रोत्यांनी ती जाहिरात आनंदाने ऐकली.

७/१५
पुढे शासनानेही तीच वाट धरली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवरही त्या आल्या. हा व्यवहार उघड होता: आवडीचे गाणे, मोबदल्यात थोडी जाहिरात. तिची वेळ ठरलेली असे आणि ऐकणारा कोण आहे हे रेडिओला कळत नसे.

८/१५
भ्रमणध्वनीने हे सारे बदलले. भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. हे यंत्र एका माणसाचे, त्याच्या खिशातले. घंटा वाजली की आपले कोणीतरी असेल असे समजून माणूस हातातले काम सोडून फोन घेतो. विक्रेत्यांच्या कॉलनी आणि संदेशांनी नेमकी हीच सवय वापरली. लोकांचा संताप इथे सुरू झाला आणि प्रकरण नियमांपर्यंत पोहोचले.

९/१५
२००७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) नको असलेल्या व्यापारी कॉलविरुद्ध राष्ट्रीय नोंदवही आणली. १ डिसेंबर २०१० च्या नव्या नियमांनी १९०९ हा क्रमांक, विषयवार पसंती आणि दंड यांची व्यवस्था केली. १९ जुलै २०१८ च्या नियमांनी ग्राहकाच्या संमतीची नोंद ठेवणे बंधनकारक केले. मात्र "मला नको" हे ग्राहकाने स्वतः जाऊन कळवायचे, हे सूत्र कायम राहिले. गप्प बसणाऱ्याचा होकारच गृहीत धरला गेला.

१०/१५
फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने यात एक महत्त्वाचा बदल केला. आता आधी पसंती नोंदवली नसली, तरी अनोंदणीकृत विक्रेत्याच्या कॉलविरुद्ध तक्रार करता येते आणि त्यासाठी तीनऐवजी सात दिवस मिळतात. पहिल्या नोंदवहीपासून इथवर यायला सुमारे अठरा वर्षे लागली. आणि हे सारे नियम फक्त कॉल आणि एसएमएस यांच्यापुरते आहेत. आजीच्या भजनात शिरलेली जाहिरात त्यांच्या कक्षेत येतच नाही.

११/१५
ती जाहिरात आली कुठून? १९९० च्या दशकात 'ट्रायपॉड' या अमेरिकी संकेतस्थळावर ईथन झुकरमन या तरुणाने वेगळ्या खिडकीत उघडणाऱ्या जाहिरातीची आज्ञावली लिहिली. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर झळकली होती. पानापासून जाहिरात वेगळी ठेवण्याचा तो उपाय होता. २०१४ मध्ये झुकरमन यांनी एका लेखात त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. तोवर ती युक्ती जगभर पसरली होती.

१२/१५
स्मार्टफोनमध्ये या युक्तीला दोन गोष्टी जोडल्या गेल्या. पाहणारा कोण, कुठला, काय शोधतो यावरून त्याच्या पडद्यावरील जागेचा क्षणार्धात लिलाव होतो. आणि अनेक जाहिरातींचे पैसे बोट टेकण्यावर मिळतात. चुकून टेकलेले बोटही पुष्कळदा मोजले जाते. फुली तिळाएवढी का असते, याचे उत्तर या हिशेबात आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि ही व्यवस्था तांड्यातांड्यावर पोहोचली.

१३/१५
हा केवळ वैतागाचा विषय असता तर एवढे लिहिले नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने सांगितले की भारतात उपलब्ध असलेल्या सुमारे १,१०० कर्जदायी ॲपपैकी ६०० बेकायदेशीर आहेत. अशा काही ॲपनी फोनमधील नातेवाइकांचे क्रमांक उचलून वसुलीसाठी बदनामीची धमकी दिली. २ सप्टेंबर २०२२ च्या निर्देशांनी कर्जदायी ॲपना संपर्कयादी आणि कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली. पण पेरणीच्या तोंडाशी पैशाची नड असलेल्या शेतकऱ्याला ॲपचे नाव कळते ते जाहिरातीतूनच, आणि ती खरी की खोटी हे त्या पाच सेकंदांत कळत नाही.

१४/१५
आजीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात एका निराळ्या जागी सापडते. १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बोलण्याच्या स्वातंत्र्याआडून कोणाला ऐकण्याची सक्ती करता येत नाही. हा विचार भोंग्यासाठी मांडला गेला. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांचे १३ प्रकार निषिद्ध ठरवले. वेश पालटून येणारी जाहिरात आणि सततची टोचणी हे त्यांतलेच. हाच विचार पडद्याकडे वळू लागल्याची ती खूण मला वाटते. तिळाएवढ्या फुलीचा जाब विचारायला आता निदान एक आधार आहे.

१५/१५
त्या रात्री मी १९०९ वर आजीचा क्रमांक नोंदवला. विक्रेत्यांचे कॉल पुष्कळ कमी झाले, भजनातली जाहिरात मात्र सुरूच आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे आरतीचा नगारा वाजला. आजी फोन उशाशी ठेवून उठली आणि बोलावल्यासारखी मंदिराकडे निघाली. नगारा कोणाचा आणि कशासाठी वाजतो, हे तिला विचारावे लागले नाही.

मित्रहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे फोन एकदा हाती घ्या, नको ती ॲप काढून टाका आणि त्यांचे क्रमांक १९०९ वर नोंदवा. गावाकडच्या दवंडीच्या किंवा विविध भारतीवरील जाहिरातींच्या आठवणी त्यांना विचारा आणि इथे जरूर लिहा.