दुष्काळाच्या नोंदी व समुद्राची स्मृति

ज्या शहराचा क्रांती चौक आज सर्वांस परिचित आहे, त्या छत्रपति संभाजीनगराच्या जागीं मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी वसविली व पुढें नहरीनें पाणी आणविलें. वसाहतीनंतर वीसच वर्षांनीं, शके १५५२ च्या सुमारास, दख्खन व गुजराथ यांवर घोर दुष्काळ कोसळला. अब्दुल हमीद लाहोरीच्या पादशाहनाम्यांत व पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाच्या वृत्तांतांत त्याचें वर्णन आहे. अशा नोंदी जुळवितांना पुष्कळांस बारा किंवा साठ वर्षांचें आवर्तन दिसूं लागतें. तें खरेंच असतें काय, एवढाच येथें विचार कर्तव्य आहे.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मेघांचा गर्भ १९५ दिवसांनीं प्रसवतो असें मानिलें. म्हणजे पावसाचें बीज मागील हवेंत शोधिलें. आधुनिक शास्त्र ही स्मृति समुद्रांत पाहतें. समुद्राचा अवघा अडीच मीटरांचा थर तापविण्यास जितकी उष्णता लागते, तितकीच साऱ्या वातावरणास पुरते. क्लाउस हासेलमान या जर्मन शास्त्रज्ञानें १९७६ सालीं दाखविलें कीं, हवेचे रोजचे फेरफार परस्परांशीं असंबद्ध असले तरी समुद्र ते सांठवीत जातो, व त्या बेरजेंतून वर्षानुवर्षें टिकणारे चढउतार उत्पन्न होतात. द्यूतांत फांसा दर वेळीं नवा पडतो, परंतु खेळणाराच्या शिल्लकेंत मागील सर्व डाव उतरलेले असतात. तसेंच हें होय. या व तत्सम कार्याबद्दल २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा एक वाटा त्यांस मिळाला. अटलांटिकाच्या प्रवाहांची मंद-तीव्र गति, तसेंच प्रशांत महासागरांतील एल निनोचा उद्भव, यांतही वाऱ्यांच्या अशा अनियमित झोतांचा हात असतो. १८७७ व १९७२ या दोन्ही सालीं एल निनो होता, व दोन्ही वेळीं महाराष्ट्रांत दुष्काळ होता.

तात्पर्य, अवर्षणें लागोपाठ आलीं एवढ्यावरून ठराविक चक्र, अथवा राजाचें पाप, अनुमानणें युक्त नव्हे. केवळ यदृच्छेनेंही अशी रांग लागूं शकते. चक्र कीं यदृच्छा, याचा निवाडा अखंड मालिकेवरूनच होईल. आमच्या संग्रहांत मात्र दुष्काळाचीं टिपणें जपलीं जातात, आणि पाऊस बरा झाल्याची ओळ असलेले जमाखर्चाचे कागद रद्दींत जातात. आम्हीं स्वतः एका रुमालांतील असे कागद एकदां निरुपयोगी म्हणून नाकारले, याचा आज खेद वाटतो. सुकाळाची नोंदही तिथीसह उतरून प्रसिद्ध करावी, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.