फ्लॅश मारायच्या आधी

आजचा भाग फ्लॅशवर आहे. कॅमेऱ्यावरचा तो पांढरा लखलखाट कुठून आला, ते सांगणारच आहे. पण त्यासोबत एक प्रश्न धरून चालूया. ज्याच्या तोंडावर तो उजेड पडतो, त्याला कुणी विचारलं होतं का?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या देवनारमुळे. इथे १९२७पासूनचं डम्पिंग ग्राउंड आहे. १९५४पासून टाटा समाजविज्ञान संस्था आहे. संस्थेच्या शेजारीच राज कपूर यांचा बंगला होता आणि त्यांचा आर. के. स्टुडिओ तिथून जवळच, चेंबूरला. म्हणजे कॅमेऱ्याचा दिवा आमच्या भागात दोन तऱ्हांनी पेटला. ‘आवारा’ (१९५१) आठवा. छायालेखक होते राधू कर्माकर. स्टुडिओत नट ठरलेल्या खुणेवर उभा राहतो, दिवा कधी लागणार हे त्याला ठाऊक असतं, आणि त्या उजेडात उभं राहायचे त्याला पैसे मिळतात. डम्पिंगवर कचरा वेचणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. २०१६च्या जानेवारीत तिथला कचरा पेटला, धूर उपग्रहातून टिपलेल्या चित्रांतही दिसला आणि बातमीचे कॅमेरे इकडे वळले. अशा वेळी समोरच्याची तयारी कोण बघतो?

आता थोडं मागे, १८८७ सालात जाऊ. त्या वर्षी जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी फ्लॅशची पावडर तयार केली. मॅग्नेशिअमची भुकटी आणि तिला झटकन पेटवणारं पोटॅशिअम क्लोरेट, हे त्यातले मुख्य पदार्थ. आपल्या भुईनळ्याचा चुलतभाऊच म्हणा ना! ठिणगी पडली की भक्कन उजेड, आणि मागोमाग पांढरा धूर. बंद खोलीत एक फोटो काढला की धूर जाईपर्यंत दुसरा विसरा.

ही बातमी न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस यांच्या वाचनात आली. रीस डेन्मार्कहून आलेले, पोलीस खात्याच्या बातम्या देणारे पत्रकार. गरिबांच्या चाळींतले हाल ते लिहीत होते, पण अंधाऱ्या खोल्यांचे फोटो मिळत नव्हते. पावडर मिळाल्यावर ते रात्री सोबत्यांना घेऊन वस्त्यांत शिरू लागले. सुरुवातीला पावडर पिस्तुलासारख्या यंत्रातून उडवायचे. झोपेतून उठलेल्या माणसासमोर पिस्तूल! लोक घाबरायचे, म्हणून पुढे त्यांनी चक्क तळणीचा तवा वापरला.

एकदा एका माळ्यावरच्या खोलीत पाच अंध स्त्रीपुरुषांचा फोटो त्यांनी घेतला. फ्लॅशने भिंतीवरच्या कागदांना आणि चिंध्यांना आग लागली. खोलीतल्यांना पत्ताच नाही. रीस यांनी एकट्याने ती विझवली. ही हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

त्यांच्या कामाचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. १८९०मध्ये त्यांचं पुस्तक आलं. थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळावर असताना, १८९६मध्ये, पोलीस ठाण्यांमधले बेघरांचे घाणेरडे निवारे बंद झाले. त्यामागे रीस यांचा रेटा होता. पण बघा, त्या फोटोंतली बरीच माणसं डोळे चोळत, दचकून पाहताना दिसतात. तो दचका गरिबीचा नाही, फ्लॅशचा आहे.

इथे जरा विज्ञान. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड एक चतुर्थांश उरतो. त्यामुळे समोरचा चेहरा पांढराफटक पडतो आणि मागचं सगळं काळं होतं. मागे नीट लावलेली भांडी असतील, देव्हारा असेल, मुलांची दप्तरं असतील, सगळं अंधारात गडप. खोली असते त्याहून जास्त भकास दिसते. पाहणाऱ्याला वाटतं, कॅमेऱ्याने सत्य दाखवलं. खरं तर त्यातला निम्मा काळोख कॅमेऱ्यानेच केलेला असतो.

१९२९च्या सुमारास जर्मनीतच फ्लॅशबल्ब आला. काचेच्या बंद गोळ्यात पातळ धातूचा पत्रा आणि ऑक्सिजन. धूर गेला, आगीची भीती कमी झाली. पण एक बल्ब एकदाच पेटणार, पुढच्या फोटोला नवा.

आता आपल्याकडे येऊ. वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये १९३८च्या सुमारास कनू गांधींनी गांधीजींचे फोटो काढायला सुरुवात केली. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले होते. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रमाकडे पैसे मागायचे नाहीत. खिडकीतून, ओसरीवरून जेवढा उजेड येईल तेवढ्यात कनूभाईंनी सुमारे दहा वर्षं काम केलं. काही फोटो अंधुक आहेत, काही हललेले. पण त्यांत कुणी दचकलेलं नाही.

१९४६मध्ये पुण्यात अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींकडे आल्या. त्यांना सांगितलं गेलं, आधी सूतकताई शिका. मग परवानगी मिळाली ती मोजून तीन बल्बांची. पहिले दोन वाया गेले, तिसरा साधला. चरख्यामागे बसलेल्या गांधीजींचा तो फोटो आज जगभर ओळखला जातो.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवा. गांधीजींना प्रखर दिव्यांचा त्रास व्हायचा, आणि त्यांचं ‘तीनच’ हे म्हणणं ऐकलं गेलं. न्यूयॉर्कच्या त्या माळ्यावर ‘नको’ म्हणायची सोयच नव्हती. फ्लॅशचा इतिहास मला असा दिसतो: यंत्र सगळ्यांसाठी एकच, पण नकार देण्याची ताकद वेगवेगळी.

पुढे एमआयटीत हॅरल्ड एजर्टन यांनी झेनॉन वायूच्या नळीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला. एकच नळी हजारो वेळा पेटू लागली. आता तर फोनमागे एलईडी दिवा आहे, खर्च शून्य. बल्ब मोजावे लागायचे तेव्हा माणूस विचार करून बटण दाबत असे. तो अडसरही गेला.

म्हणून देवनारला, धारावीला किंवा आपल्या गावच्या यात्रेत फोटो काढणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. आजचे कॅमेरे रस्त्यावरच्या दिव्यातही भागवतात. आयएसओ वाढवा, दाणेदार फोटो चालेल. फ्लॅश लागलाच तर भिंतीवर किंवा छतावर मारून उजेड मऊ करा. आणि त्याही आधी समोरच्याला विचारा, ‘फ्लॅश मारू का?’ उत्तर ‘नको’ आलं, तर कॅमेरा खाली घ्या. भेटू पुढच्या भागात.