निवळ पाणी आणि निर्दोष पाणी



नवनगरपासून कारवारचा समुद्र दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आपल्या नळाला येते ते मलप्रभेचे गोडे पाणी. अशा गावात, विज्ञानशिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानासाठी, खाऱ्या पाण्याच्या काचपेटीचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ही विद्या समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनीच प्रथम वाढविली. पाणी बिघडले की हाताशी दुसरा समुद्र नव्हता. म्हणून बिघाडाचे कारण शोधणे त्यांना भाग पडले.

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडमधील टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी वारंवार आणणे परवडणारे नव्हते. तेव्हा उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतून त्यात हवा मिसळण्याचे काम घरातील मोलकरणीकडे आले. पुढल्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्रवनस्पती सोडल्या, आणि पाणी दीर्घकाळ टिकू लागले.

१८५० साली रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोड्या पाण्यात सोनमासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. काही दिवसांनी पाणी गढूळ झाले. त्यांनी पाणी फेकून दिले नाही, तर कारण पाहिले. वनस्पतींची जुनी पाने कुजत होती. ती खाणाऱ्या गोगलगाई सोडताच पाणी निवळले. मत्स्यालयाच्या इतिहासात रोगनिदानाचे हे आरंभीचे उदाहरण मानावयास हरकत नाही.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. पुढल्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांनी चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल बनविण्याची रीत प्रसिद्ध केली. चुन्याचा अंश अल्प, म्हणून त्यांनी तो गाळला. परंतु प्रवाळ आपला सांगाडा चुन्याचाच बांधतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात कॅल्शियम असते सुमारे ४०० मिलिग्रॅम. अल्प खरे, पण त्यांच्या दृष्टीने तेच घराचे चिरे. आज प्रवाळांची वाढ खुंटली तर कॅल्शियम आणि अल्कता ही दोन्ही प्रथम तपासावी लागतात.

खरा गूढ दोष मात्र डोळ्यांना न दिसणारा होता. पाणी आरशासारखे स्वच्छ, तरी मासे मरत. प्राण्यांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. त्याला रंग नाही. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू व चुनखडीच्या थरांतून सांडपाणी झिरपविले. सुमारे वीस दिवसांनी अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ दिली आणि ते थांबले. म्हणजे हे कार्य सजीवांचे होते. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी ते जीवाणू वेगळे केले आणि अमोनियापासून नायट्राइट, नायट्राइटपासून नायट्रेट असे दोन टप्पे उलगडले.

नव्या काचपेटीत हे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. उतावीळपणे पहिल्याच आठवड्यात मासे सोडणारा त्यांना विषात सोडतो. आणि क्लोरिनयुक्त नळाच्या पाण्यात गाळणी स्वच्छ धुणारा आपल्याच सेवकांचा घात करतो.

१९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातील सजीव खडक पेटीत ठेवून, केवळ हवेच्या बुडबुड्यांवर प्रवाळ जगविल्याचे लिहिले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीच राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले होते. आपल्या कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभागही कारवारच्याच किनाऱ्यावर आहे.

या इतिहासातून निदानाचा एक क्रम हाती येतो. प्रथम तापमान आणि खारेपणा पाहावा. बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ मागे राहते. म्हणून उन्हाळ्यात घटलेली पातळी गोड्या, क्लोरिनविरहित पाण्यानेच भरावी. मग अमोनिया व नायट्राइट, त्यानंतर नायट्रेट व फॉस्फेट, आणि शेवटी अल्कता व कॅल्शियम. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही थोडी, आणि वहीत तारीख घालून नोंदवावी. चार औषधे एकदम ओतणाऱ्याला उतार पडला तरी कशाने पडला ते कळत नाही.

एक सावधगिरीची सूचना. २००१ साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळांचा समावेश झाला. तेव्हा हौसेसाठी ते घरी आणण्याचा मार्ग नाही, आणि नसावा हेच योग्य. ते पाहावयाचे तर मालवणच्या किंवा नेत्राणीच्या समुद्रात, त्यांच्या जागी. तेथे पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपमध्ये हेच घडले. काचपेटीतले पाणी बिघडले तर आपण ते बदलू शकतो. समुद्राचे पाणी बदलावयास दुसरा समुद्र नाही. त्याच्या नोंदी ठेवण्याचे आणि कारण शोधण्याचे काम आपल्या शाळेतल्या मुलामुलींपैकी कोणी हाती घेतले, तर या व्याख्यानामागचा हेतू सफल झाला असे मी मानीन.