बंजारा व रोमा समाज : जीवनाची तुलना

बंजारा हा भारतातील आणि रोमा हा यूरोपातील, भटकंतीच्या पूर्वपरंपरेसाठी ओळखला जाणारा समाज. दोहोंच्या भाषा इंडो-आर्यन कुलातील असून दोहोंची मुळे भारतीय उपखंडात आहेत. महाराष्ट्रात बंजाऱ्यांचे तांडे मराठवाडा, विदर्भ व खानदेशात विखुरलेले आहेत. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुका व त्यालगतचे पुसद, वाशीम हे भाग त्यांच्या वस्तीचे एक प्रमुख क्षेत्र होत. रोमा समाज यूरोपातील बहुतेक सर्व देशांत आढळतो. यूरोपातील त्यांची संख्या एक कोट ते एक कोट वीस लक्ष असावी, असा अंदाज केला जातो. रूमानियात २०११ च्या जनगणनेत सुमारे ६ लक्ष २१ हजार लोकांनी स्वतःची नोंद रोमा अशी केली. प्रत्यक्ष संख्या याहून पुष्कळ मोठी असल्याचे मानतात, कारण ओळख उघड करण्यास अनेक कुटुंबे कचरतात.

रोमा म्हणजे देशांतर केलेले बंजारेच, असे मत लोकप्रिय लेखनात वारंवार मांडले जाते. पोशाख, दागिने, तांड्याने राहण्याची रीत व संगीताची आवड यांतील सादृश्यामुळे ते सहज पटतेही. तथापि समान मूळ व समान जीवन या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

भाषा व मूळ : रोमानी भाषा भारतीय मुळाची आहे, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन विद्वान रूडिगर व ग्रेलमान यांनी दाखवून दिले. तोवर हे लोक ईजिप्तमधून आले, अशी यूरोपात समजूत होती. ‘जिप्सी’ हे नाव त्या समजुतीतूनच रूढ झाले. रोमानीतील पानी (पाणी), कालो (काळा), नाख (नाक), दांद (दात), मनुष (माणूस), चुरी (सुरी) हे शब्द मराठी माणसाला विनासायास कळण्यासारखे आहेत. येक, दुइ, त्रिन, श्तार, पांज हे अंकही तसेच. मात्र सात, आठ व नऊ यांसाठीचे एफ्ता, ओख्तो, एन्या हे शब्द ग्रीक आहेत. रोमानीत फार्सी, आर्मेनियन व विशेषतः ग्रीक शब्दांचे थर आढळतात. त्यांवरून इराण, आर्मेनिया व बायझंटिन साम्राज्य असा या लोकांचा प्रवासमार्ग निश्चित करण्यात आला. इंग्लिश भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर याने १९२६ मध्ये असे प्रतिपादन केले, की रोमानीचे मूळ मध्य भारतीय बोलींत असून तिचे भाषक प्रथम वायव्येकडे सरकले व तेथे दीर्घ काळ राहून नंतर भारताबाहेर गेले. संस्कृतातील नपुंसकलिंग रोमानीत उरलेले नाही. उत्तर भारतातील बहुतेक भाषांतही ते लोपले, मराठी व गुजरातीत मात्र टिकले. ‘रोम’ हे नाव ‘डोम’ या जातिनामापासून आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

बंजाऱ्यांची गोरबोली (लमाणी, लंबाडी) ही राजस्थानी बोलींच्या गटातील आहे. दक्षिणेतील दीर्घ वास्तव्यामुळे तीत मराठी, तेलुगू व कन्नड शब्द मिसळले. म्हणजे दोन्ही भाषा एकाच कुलातील असल्या, तरी त्यांपैकी एक दुसरीपासून निघालेली नाही. जनुकीय संशोधनाचा कौलही याच दिशेचा आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार रोमांचे पूर्वज सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले. पितृवंशाच्या बाबतीत त्यांचे सर्वांत जवळचे साम्य त्या भागातील डोम व तत्सम समूहांशी आढळले. त्यामुळे दोन्ही समाजांचे नाते दूरच्या भाऊबंदकीचे आहे. रोमा ही बंजाऱ्यांची शाखा होय, असे त्यावरून म्हणता येत नाही.

व्यवसाय : ‘बंजारा’ हा शब्द वाणिज्यवाचक संस्कृत शब्दापासून, तर ‘लमाण’ हा लवण म्हणजे मीठ या शब्दापासून आला, असे मानले जाते. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य व मीठ यांची दूरवर वाहतूक करणे, हा या समाजाचा मुख्य धंदा होता. सतराव्या शतकात मोगल सैन्याबरोबर रसद घेऊन जंगी व भंगी हे नायक दक्षिणेत आले, अशी परंपरा आहे. १७९१-९२ मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत कॉर्नवॉलिसच्या सैन्यालाही बंजाऱ्यांनीच धान्य पुरविले. लष्कराला त्यांची इतकी गरज असे, की युद्धमान पक्षही सहसा त्यांच्या वाटेस जात नसत.

रोमांची उपजीविका व्यापारापेक्षा कारागिरीवर व सेवेवर अधिक अवलंबून होती. त्यांच्या पोटभेदांची नावे धंद्यांवरूनच पडली आहेत. काल्देराश हे तांब्याची भांडी घडविणारे, लोवारी घोड्यांचे व्यापारी, उर्सारी अस्वलांचे खेळ करणारे व लाउतारी वादक होत. बंजारा हा बाजारपेठांना जोडणारा दुवा होता, तर रोमा गावोगावच्या किरकोळ गरजा भागवीत. कारखानदारी व आधुनिक वाहतूक यांनी दोघांचेही धंदे बुडाले. भारतात १८५३ नंतर लोहमार्गांचा विस्तार होताच लमाणी बैलांचे तांडे निरुपयोगी झाले. यूरोपात कारखान्यांतील स्वस्त भांड्यांनी तांबटकामाची व मोटारींनी घोड्यांच्या व्यापाराची जागा घेतली.

समाजव्यवस्था : बंजारा स्वतःला ‘गोर’ व इतरांना ‘कोर’ म्हणतो. रोमा स्वतःस ‘रोम’ व इतरांस ‘गाजो’ म्हणतो. आपले व परके यांतील ही रेषा दोन्ही समाजांत स्पष्ट आहे. तांड्याचा प्रमुख नायक असून कारभारी त्यास साहाय्य करतो. तंट्यांचा निवाडा नसाब या जातपंचायतीत होत असे. काल्देराश व तत्सम रोमा गटांत हेच कार्य ‘क्रिस’ ही पंचायत करते. संस्था सारखी असली, तरी ‘क्रिस’ हा शब्द ग्रीक आहे. यावरून संस्थांमधील प्रत्येक साम्य भारतातून बरोबर नेलेले आहे, असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते. फिरत्या समाजाला गावचे न्यायासन उपलब्ध नसते, म्हणून तो स्वतःचे न्यायासन बरोबर बाळगतो.

धर्माच्या बाबतीत दोन्ही समाजांचे मार्ग भिन्न आहेत. बंजारा समाज संत सेवालाल महाराजांना (जन्म १७३९) मानतो. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे त्याचे प्रमुख तीर्थस्थान आहे. होळी व तीज हे सण तांड्यात मोठ्या प्रमाणावर साजरे होतात. रोमांनी ज्या देशात वस्ती केली तेथील धर्म स्वीकारला. रूमानियात ते प्रामुख्याने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, तर बाल्कनच्या काही भागांत मुसलमान आहेत. दक्षिण फ्रान्समधील सेंत-मारी-द-ला-मेर येथे दरवर्षी मे महिन्यात ते सारा या संत स्त्रीच्या यात्रेस जमतात.

राज्यसत्ता व कायदा : दोन्ही समाजांच्या इतिहासातील खरा भेद येथे आहे. रूमानियाच्या पूर्वीच्या वॅलेकिया व मोल्डेव्हिया या संस्थानांत रोमा हे गुलाम होते. १३८५ च्या एका दानपत्रात मठाला दिलेल्या चाळीस रोमा कुटुंबांचा उल्लेख आहे. संस्थानाधिपती, मठ व सरदार यांच्या मालकीची ही गुलामगिरी मोल्डेव्हियात १८५५ मध्ये व वॅलेकियात १८५६ मध्ये संपली. हॅप्सबर्ग राज्यात मारिया तेरेझा हिने अठराव्या शतकात रोमांचा पोशाख व भाषा यांवर बंदी घालून त्यांना सक्तीने स्थायिक करण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने व तिच्या साथीदारांनी रोमांचा वंशविच्छेद केला. त्यात किमान दोन लक्ष व कदाचित पाच लक्ष लोक मारले गेले. १९४२ मध्ये रूमानियाने सुमारे २५ हजार रोमांना नीस्टर नदीपलीकडे हद्दपार केले. त्यांपैकी जवळजवळ ११ हजार भूक, थंडी व रोगराई यांनी मरण पावले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्विट्स-बिर्केनाऊ छावणीत उरलेले चार हजारांहून अधिक रोमा विषारी वायूने ठार करण्यात आले.

भारतात बंजारे गुलाम नव्हते. जातिव्यवस्थेत त्यांना कनिष्ठ, पण ठरावीक स्थान होते आणि गावाला त्यांच्या मिठाची गरज होती. धंदा बुडाल्यावर मात्र त्यांच्या फिरण्याकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समूहांना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. पोलिसांकडे हजेरी देणे व परवान्याविना गाव न सोडणे अशी बंधने त्यांच्यावर आली. काही प्रांतांत बंजाऱ्यांचे गटही या कायद्याच्या कक्षेत आले. फ्रान्सने १९१२ च्या कायद्याने भटक्यांवर अंगमापे व बोटांचे ठसे असलेली ओळखपुस्तिका जवळ बाळगण्याची सक्ती केली. दोन खंडांतील हे दोन कायदे एकाच विचारातून निघाले : ज्याचे घर एका जागी नाही, तो गुन्हेगार असला पाहिजे. भारतातील कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याच्या कक्षेतील समूह तेव्हापासून विमुक्त जाती म्हणून ओळखले जातात.

कळमनुरी परिसर : सीमारेषा समाजाच्या वाट्याला काय आणते, याचे हा भाग बोलके उदाहरण आहे. कळमनुरी निझामाच्या हैदराबाद संस्थानात होते. उत्तरेस पैनगंगेपलीकडे वऱ्हाड असून तेथे १८५३ पासून इंग्रजांचा अंमल होता. बोली, कुळे व सोयरीक एकच असूनही नदीच्या दोन काठांवरील तांडे वेगळ्या सत्तांखाली नांदत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत त्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कळमनुरी तालुका आधी परभणी जिल्ह्यात होता, तो १ मे १९९९ रोजी नवनिर्मित हिंगोली जिल्ह्यात समाविष्ट झाला. या फेरबदलात पूर्वी एकाच संस्थानात असलेले बंजारे तीन राज्यांत विभागले गेले. तेलंगणात त्यांची गणना १९७६ च्या कायद्यान्वये अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातींत होते. अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा, या महाराष्ट्रातील बंजाऱ्यांच्या जुन्या मागणीने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे २०२५ मध्ये मराठवाड्यात पुन्हा जोर धरला. मूळ एकच असूनही हक्क मात्र सीमेवरून ठरतात, हा या मागणीमागील मुख्य आक्षेप होय.

आजचे जीवन : स्थायिक झालेल्या बंजाऱ्यांपैकी अनेकांची जमीन कोरडवाहू व अपुरी आहे. मराठवाड्यातील तांड्यांतून पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे जातात व उन्हाळ्यात परततात. पूर्वीची भटकंती धंद्यासाठी होती, आजची मजुरीसाठी आहे. मुलांच्या शिक्षणात यामुळे खंड पडतो. आश्रमशाळांनी तो काही अंशी भरून काढला. रोमांची मुले एका जागी राहत असूनही त्यांना वेगळ्या अडथळ्यास तोंड द्यावे लागते. चेक प्रजासत्ताकात त्यांना मोठ्या प्रमाणावर मतिमंदांसाठीच्या शाळांत घालण्यात येई. यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १३ नोव्हेंबर २००७ च्या निर्णयात हा भेदभाव असल्याचे ठरविले.

राजकीय क्षेत्रात बंजारा समाजाने अधिक मजल मारली. पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. सुधाकरराव नाईक यांनीही १९९१ ते १९९३ मध्ये हे पद भूषविले. ही दोन्ही नेतृत्वे सर्वसाधारण मतदारसंघांतून पुढे आली. रूमानियाच्या संसदेत रोमा अल्पसंख्याकांसाठी एक जागा राखीव आहे, परंतु देशाचे नेतृत्व त्यांच्याकडे आलेले नाही.

पुनर्भेट : एप्रिल १९७१ मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. तेथे निळ्या-हिरव्या पार्श्वभूमीवर सोळा आऱ्यांचे तांबडे चक्र असलेला ध्वज स्वीकारण्यात आला. चक्राची ही निवड भारतीय ध्वजाचे स्मरण करून देते. भारतीय अभ्यासक डब्ल्यू. आर. रिशी या परिषदेत सहभागी होते. १९७६ व १९८३ मध्ये चंडीगढ येथे रोमा महोत्सव झाले. २०१६ मध्ये नवी दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली. दूरच्या नात्याची ही जाणीव रोमांना आत्मसन्मान देणारी ठरली. तिची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. सहाशे वर्षांहून अधिक काळ यूरोपात राहिलेल्या समाजाला परदेशी ठरविण्यासाठीही याच नात्याचा उपयोग केला जातो.

दोन्ही समाजांच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष असा, की रोमानी व गोरबोली यांतील साम्याचे कारण समान मुळात आहे. तांडा, पंचायत व परक्यांविषयीचा दुरावा यांतील साम्याचे कारण मुख्यतः समान परिस्थितीत आहे. एकाला गुलामगिरी व संहार आणि दुसऱ्याला मताधिकार व सत्तेतील वाटा मिळाला. हा फरक त्यांच्या मुळांमुळे पडलेला नाही. ज्या राज्यांत ते राहिले त्यांच्या वागणुकीने तो घडविला.